इतिहासाचा तास : बाई, ठाण्यात कुत्र्याएवढे उंदीर होते का?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की मध्ययुगीन जगाचा इतिहास शिकवताना राजाच्या नावाने सुरुवात करू नका, माणसाच्या हातात काय होतं तिथून करा, आणि मग जे काय मेल आणि व्हॉट्सॲप आलेत ते विचारू नका. काही जण चिडलेत, काहींना पुढचं हवंय. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, सात निवडलीत. नावं कुणाचीच छापत नाहीये, दोघींनी तर स्वतःच सांगितलं की शाळेत वाचतात हो, नको.

बाई, मी ऐरोलीत अकरावीला शिकवते. फ्युडलिझमचा, म्हणजे युरोपातल्या सरंजामशाहीचा, तो पिरॅमिड (वर राजा, मध्ये सरदार, तळाला भूदास) फळ्यावर काढला की मुलं झोपतात. आपली वतनदारी म्हणजेच फ्युडलिझम असं सांगितलं तर चालेल का?

सांगा, पण त्याच दमात "अगदी तसं नाही" हेही सांगा, नाहीतर मुलं पेपरात तेच लिहून येतील. पाटलाचं वतन म्हणजे गावचं काम आणि त्याचे हक्क, ते पिढ्यान् पिढ्या चालायचं, प्रसंगी विकलंही जायचं, पण त्या बदल्यात घोडेस्वार घेऊन लढायला या अशी अट त्यात नव्हती. लढायचं आणि त्यासाठी जमिनीचा वसूल खायचा हे सरंजामाशी जास्त जुळतं, म्हणून तर मराठीत आपण सरंजामशाही म्हणतो. आणि मोठा फरक खाली आहे. तिकडचा भूदास जमिनीला बांधलेला, मालकाला न विचारता गाव सोडायचं नाही. आपल्याकडे जमीन पडून होती आणि कसणारे हात कमी, त्यामुळे जाच झाला की कुणबी सरळ परागंदा व्हायचा आणि मग त्याला परत बोलवायला सरकारच कौल द्यायचं, की बाबा ये, पहिली काही वर्षं सारा कमी घेतो.

पण हे सगळं नंतर. आधी जातं आणा. हो, दळायचं जातं. इंग्लंडात सेंट ऑल्बन्स म्हणून गाव आहे, तिथला मठ हाच गावाचा जमीनदार. नियम असा की धान्य मठाच्याच गिरणीत दळायचं आणि दळणाचा वाटा द्यायचा, घरी हाताने दळायचं नाही. लोक गुपचूप दळायचे. तर १३३० च्या दशकात तिथल्या मठाधिपतीने घरोघरची जाती जप्त केली आणि ते दगड मठातल्या एका खोलीला फरशी म्हणून बसवून टाकले, म्हणजे लोक आले की त्यांना दिसावं की तुमची जाती आता आमच्या पायाखाली आहेत. पन्नासएक वर्षांनी, १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात, लोक मठात घुसले आणि पहिल्यांदा ती फरशी उखडली आणि तुकडे आपापसात प्रसादासारखे वाटून घेतले. आजा-पणजाची जाती!

मी एकदा आईचं जातं रिक्षात घालून शाळेत नेलं होतं, रिक्षावाल्याने सामानाचे दहा रुपये वेगळे लावले ते लावले. सगळ्या वर्गाने ते फिरवून बघितलं, दोन मुलांना धड फिरवताच येईना, आणि मग विचारलं की पहाटे उठून ज्यावर तुमची पणजी ओव्या म्हणायची ते कुणी उचलून नेलं तर? त्या वर्षी फ्युडलिझमवर एकही मूल अडलं नाही. पिरॅमिड काढलाच नाही मी.

माझा मुलगा नववीत आहे (आयसीएसई), कोपरखैरणे. रेनेसान्सचा (युरोपातल्या प्रबोधनाचा) धडा चालू आहे. तो विचारतो की तेव्हा आपल्याकडे काय चालू होतं? मला पानिपत सोडून काही सांगता आलं नाही.

पानिपतही बरोबरच आहे की, १५२६, तेव्हा रोममध्ये मायकेलअँजेलोने सिस्टाइन चॅपेलचं छत रंगवून चौदा वर्षं झाली होती. पण मुलाला त्याहून चांगलं काही तरी द्या. भिंतीवर कागदाचा लांब रोल लावा (पॅकिंगवाल्याकडे मिळतो), वरच्या ओळीत तिकडचं, खालच्या ओळीत इकडचं, आणि त्याला स्वतःला शोधून भरू दे.

मी सुरुवातीला दोन जोड्या देते. पहिली, ज्ञानेश्वर आणि इटलीचा कवी दांते. ज्ञानेश्वरी १२९० ची, दांते तेव्हा पंचविशीत. एकाने संस्कृत बाजूला ठेवून मराठीत गीता सांगितली, दुसऱ्याने लॅटिन बाजूला ठेवून टस्कनीच्या लोकभाषेत महाकाव्य लिहिलं. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, हे मुलाला ठासून सांगा, नाहीतर कोणी तरी फॉरवर्ड बनवतंय की दांतेने ज्ञानेश्वरी वाचली होती. दुसरी जोडी मला जास्त आवडते. रेनेसान्स म्हटलं की सगळे चित्रं दाखवतात, पण त्या लोकांचं खरं वेड होतं जुनी हस्तलिखितं शोधायची, प्रती ताडून बघायच्या, नक्कल करणाऱ्यांनी घातलेल्या चुका काढायच्या. इरॅस्मस या डच पंडिताने १५१६ मध्ये बायबलच्या नव्या कराराचा ग्रीक पाठ असाच प्रती ताडून छापला. आणि पैठणला एकनाथांनी काय केलं? ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये पाठभेद फार माजले होते, ते शुद्ध करून १५८४ मध्ये नीट प्रत तयार केली. म्हणजे काम तेच. फरक एवढाच की इरॅस्मसच्या हाताशी छापखाना होता आणि नाथांच्या हाताशी बोरू. हा फरक किती मोठा, ते मुलाला एक पान हाताने उतरवायला लावलं की कळतं.

आणि एक बोनस, हे मुलांना हमखास आवडतं. १६६६. ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले, सप्टेंबरच्या सुरुवातीला लंडन जळून खाक झालं, आणि प्लेगमुळे केंब्रिज बंद म्हणून न्यूटन गावी घरी बसून प्रिझमशी खेळत होता. वर्क फ्रॉम होम.

आम्ही ठाण्यातले. जगाच्या इतिहासाची फिल्ड व्हिजिट म्हणून मुलांना न्यायचं कुठे? इथे काय आहे? तलावपाळी?

हो, तलावपाळीच! हसू नका. ठाणं म्हटलं की सगळे १८५३ च्या रेल्वेवर येऊन थांबतात, जसं काही त्याआधी इथे नुसतं खाजण होतं. अहो, अल्-बिरुनी हा मध्य आशियातला पंडित अकराव्या शतकात लिहितो की कोकणाची राजधानी ताना, समुद्रकिनारी. शिलाहार राजांच्या काळात याचंच नाव श्रीस्थानक.

व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो, त्याच्या वृत्तांतात ठाण्याच्या राज्याचं वर्णन आहे (तो स्वतः इथे उतरला का यावर वाद घालणारे घालतात, वर्णन मात्र आहे). कातडं आणि सुती कापड बाहेर जातं असं तो म्हणतो आणि मग एक भन्नाट गोष्ट सांगतो, की इथले चाचे आणि इथला राजा यांचा करार आहे. चाच्यांनी लुटलेल्या जहाजावरचे घोडे राजाला द्यायचे, बाकी सगळा माल चाच्यांचा. का? कारण राजाकडे घोडे नाहीत. चांगले घोडे अरबस्तानातून, इराणच्या आखातातून जहाजाने यायचे आणि सोन्याच्या भावाने विकले जायचे. आता वर्गाला विचारा, ज्या राजाला घोडा परवडत नाही तो काय काय करेल? अर्धा तास गप्पा चालतात. मध्ययुगीन हिंदी महासागराचा व्यापार या एका करारात बसतो.

त्यानंतर ओडोरिक. इटलीतल्या पोर्देनोनेचा फ्रान्सिस्कन साधू, १३२१-२२ च्या सुमारास ठाण्यात आला. त्याच्या आधी थोडेच दिवस त्याच्याच पंथाचे चार जण इथे धर्माच्या वादातून मारले गेले होते, त्यातला एक तर जॉर्जियातल्या टिफ्लिसचा होता. ओडोरिकने त्यांची हाडं गोळा केली, गाठोडं बांधलं आणि ते घेऊन जहाजाने पार चीनपर्यंत गेला, झैतूनला, म्हणजे आजचं च्वानचौ. तिथे त्याच्या पंथाचा मठ होता, तिथे ती ठेवली. इटली, जॉर्जिया, ठाणं, चीन, एका गाठोड्यात! नकाशावर दोरा लावून घ्या मुलांकडून.

आणि हाच ओडोरिक लिहितो की ठाण्यात कुत्र्याएवढे उंदीर आहेत, मांजरांचं काही चालत नाही म्हणून त्यांना कुत्रेच मारतात. हे वाचून दाखवलं की वर्ग खदखदतो, आणि मग मागच्या बाकावरून कोणी तरी ओरडतंच, "बाई, घुशी!" बरोबर. पावसाळ्यात गटाराजवळ राहणाऱ्या कुठल्याही ठाणेकराला विचारा. साधन कसं वाचायचं हे शिकवायला यापेक्षा सोपं उदाहरण मला तरी माहीत नाही. माणूस थापा मारत नाहीये, थोडं फुगवतोय आणि त्याच्या भाषेत घुशीला शब्द नाहीये.

आता व्हिजिट. तलावपाळी म्हणजे मासुंदा तलावाचा काठ, तिथलं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, पोर्तुगीज काळातलं. तिथून चालत सेंट्रल जेलकडे. आत जाता येत नाही अर्थातच, रस्त्यावरूनच सांगा की हा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, पुरा व्हायच्या आत १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्यात तुरुंग केला. आणि तुरुंग हा शब्दही पोर्तुगीजच बरं का, "त्रोंको" वरून. पगार, चावी, घमेलं, बटाटा, पाव हे सगळे त्याच गलबतातून उतरले.

बाई, मी बारावीला आहे, कळवा. कोलंबसला लोक हसले कारण त्यांना वाटायचं पृथ्वी सपाट आहे, हे खरं आहे का?

नाही रे बाळा. शिकलेल्या युरोपीय माणसाला पृथ्वी गोल आहे हे शेकडो वर्षं माहीत होतं. भांडण होतं पृथ्वी केवढी यावर, आणि त्यात कोलंबस चुकला होता, पंडित बरोबर होते! त्याने पृथ्वी फारच लहान धरली होती, मध्ये अमेरिका आडवी आली नसती तर पाणी-शिधा संपून सगळे मेले असते. अभ्यास कर.

मी घणसोलीत क्लास घेतो. १४५३ ला तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, व्यापारी मार्ग बंद झाले, म्हणून युरोपीय समुद्रमार्ग शोधायला निघाले. हे एमसीक्यूला (पर्याय निवडायच्या प्रश्नांत) येतं. तुमच्या एका जुन्या उत्तरात तुम्ही म्हणालात की हे "अर्धवट" आहे. पोरांना मी काय सांगू, मार्क जातील!

मार्क जाऊ देऊ नका. गोल तिथेच करायला सांगा जिथे पुस्तक सांगतं. मी स्वतः पंधरा वर्षं हेच शिकवलं, एकदम ठणकावून, आणि एके दिवशी एका मुलीने नकाशा पुढ्यात ठेवून विचारलं की बाई, मिरी तर केरळातून निघते, ती कॉन्स्टँटिनोपलला कशाला जाईल? मला उत्तर आलं नाही. घंटा झाली म्हणून वाचले.

ती बरोबर होती. मिरीचा मोठा रस्ता तांबड्या समुद्रातून कैरो, अलेक्झांड्रिया, आणि तिथून व्हेनिस. तो इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या हातात होता आणि ऑटोमन तुर्कांनी इजिप्त घेतलं १५१७ मध्ये. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ ला, एकोणीस वर्षं आधी. आणि पोर्तुगीजांची सुरुवात तर १४५३ च्याही खूप आधीची, १४१५ ला उत्तर आफ्रिकेतलं सेउता घेतलं, १४३४ ला आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं केप बोजाडोर ओलांडलं, १४४४ मध्ये तर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांचा बाजार पोर्तुगालच्या लागोस बंदरावर भरला. त्यांना सोनं हवं होतं, गुलाम हवे होते, मुसलमान सत्तांना वळसा घालायचा होता, आणि व्हेनिसचा नफा डोळ्यात खुपत होता. १४५३ ने धक्का बसला हे खरं, पण एकच खटका दाबला आणि गाडी सुटली असं झालं नाही.

यावर क्लासमध्ये पाच मिनिटांचं नाटक करा. गामाने किनाऱ्यावर आधी एक माणूस पाठवला, शिक्षा झालेला कैदी, मेला तर मेला म्हणून. त्याला कालिकतला भेटले कोण? ट्युनिसचे दोन मुसलमान, आणि ते त्याच्याशी कॅस्टिलियन (म्हणजे स्पॅनिश) आणि इटलीतल्या जिनोआच्या बोलीत बोलले! पहिला प्रश्न काय, तर तू मरायला इथे कुठे आलास? म्हणजे "शोध" लागायच्या आधीच तिथे युरोपच्या भाषा येणारी माणसं बसलेली होती. मग सामुद्रीसाठी, म्हणजे कालिकतच्या राजासाठी, आणलेले नजराणे वाचा: पट्ट्यापट्ट्यांचं कापड, लाल टोप्या, हॅट, पोवळ्यांच्या माळा, हात धुवायची भांडी, साखर, तेल, मध. दरबारातले लोक हसले, मक्केचा गरिबातला गरीब व्यापारी याहून जास्त देतो म्हणाले. लग्नाला टॉवेल-टोपी घेऊन गेल्यासारखं. पोरांना हे जन्मात विसरायचं नाही, आणि एमसीक्यूही चुकायचा नाही.

नेरूळहून, सातवी-आठवीची शिक्षिका. गुलामांच्या व्यापाराबद्दल एवढ्या लहान मुलांना किती सांगावं? एका पालकांनी म्हटलं की नका घाबरवू.

पालकांचं मला पटतं, आणि तरीही सांगावंच लागतं. जहाजाच्या तळात माणसं कशी रचली होती ती चित्रं मी आठवीला दाखवत नाही, दाखवून बघितली होती एकदा, दोन मुलं हसली (घाबरली की हसतात) आणि एक रडली, आणि पुढचा तास कोणाच्याच डोक्यात गेला नाही. आकडे सांगा. सुमारे सव्वा कोटी माणसं आफ्रिकेतून जहाजांवर चढवली, त्यातली अंदाजे एक कोटी सात लाख पलीकडे उतरली. वजाबाकी मुलांना करू द्या आणि थोडा वेळ काही बोलू नका. मग विचारा कशासाठी, उत्तर बहुतेक साखर. ब्राझील, कॅरिबियन, उसाचे मळे.

दुसरं म्हणजे हे फक्त गोऱ्यांनी केलं आणि तिकडेच झालं असं शिकवू नका. आपल्या बाजूच्या समुद्रातही माणसं विकली जात होती. मलिक अंबर घ्या. इथिओपियात जन्मलेला मुलगा, लहानपणी विकला गेला, हातोहात विकला जात दख्खनला आला, आणि निजामशाहीचा कारभारी झाला, मुघलांना वर्षानुवर्षं नाकी नऊ आणले, खडकी वसवली, जी पुढे औरंगाबाद झाली. इथे मुलं हटकून विचारतात की मग गुलाम होणं एवढं वाईट नव्हतं का? या प्रश्नासाठी तयार राहा. मी म्हणते, अंबरचं नाव आपल्याला माहीत आहे, त्याच्यासोबत त्याच बाजारात उभ्या असलेल्या मुलांची नावं सांगा बरं.

वाशीहून. आमच्या शाळेचं ठरतंय की मुलांना एपीएमसीच्या (घाऊक बाजाराच्या) मसाला मार्केटमध्ये न्यायचं आणि तिथेच "मसाल्यांचा इतिहास" शिकवायचा. माझ्या सासूबाई म्हणतात मिरची आपलीच, परदेशी कशी असेल. काय दाखवावं?

वा! मला घेऊन चला. सासूबाईंशी वाद नका घालू, त्यांना फक्त विचारा की मिरची हे नाव कुठून आलं. मिरीवरून. आधी इथे तिखट म्हणजे मिरी आणि आलं, मग अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत ही बया आली आणि जुन्या मालकिणीचं नाव लावून बसली. गंमत म्हणजे स्पॅनिश लोकांनीही तेच केलं, मिरीला त्यांचा जो शब्द तोच थोडा फिरवून मिरचीला लावला. आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी करतील तेव्हा हळूच सांगा: आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, तो कंद, शेंगदाणा, मिरची, बटाटा, चारही अमेरिकेतून आलेले. जुनं म्हणजे जिरं आणि तूप. उपवास मोडत नाही, एवढं मात्र लगेच जोडा!

मार्केटमध्ये दहा गाळे हिंडू नका, एकच जिन्नस धरा. मी जायफळ धरेन. पुरणपोळीला किसतो ते, मुलांच्या हातात एक एक द्या आणि सोबत जायपत्री, एकाच फळाच्या दोन चिजा. सतराव्या शतकापर्यंत हे जगात एकाच ठिकाणाहून यायचं, इंडोनेशियातली इवलीशी बांदा बेटं. १६०२ मध्ये निघालेल्या डच कंपनीला तो सगळा माल एकटीला हवा होता, तर १६२१ मध्ये कून नावाच्या तिच्या गव्हर्नर जनरलने बेटांवरची बहुतेक माणसं मारली, हाकलली नाहीतर गुलाम करून नेली आणि बागा आपल्या लोकांत वाटल्या. रन नावाचं एक बेट इंग्रजांना हवं होतं. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात ठरलं की ज्याच्या हातात जे आहे ते त्याचं, रन राहिलं डचांकडे आणि इंग्रजांकडे राहिलं मॅनहॅटन. सरळ अदलाबदल केली असं सांगतात, तसं नव्हतं, पण त्या वेळच्या कुठल्याही व्यापाऱ्याला विचारलं असतं की फायद्यात कोण, तर तो जायफळाकडेच बोट दाखवता.

परवानगी आधी काढा, गर्दीच्या वेळी हमाल आणि हातगाड्यांमध्ये चाळीस पोरं सांभाळणं म्हणजे कसरत आहे. जायफळाचा गाळा आधी घ्या, मिरचीचा सगळ्यात शेवटी, कारण तिथे एकदा शिंका सुरू झाल्या की कुणी काही ऐकत नाही.